गुलाबी हेल्मेट, आठ सामने आणि मेंदूला बसणारा मार

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण काही इजा स्कॅनवर दिसतच नाहीत. त्या समजून घेण्यासाठी आज ऑस्ट्रेलियातल्या एका महिला फुटबॉलपटूची हकिगत सांगतो.

खेळ कसा आहे?

‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. चेंडू लाथेने मारता येतो, हातात घेऊन पळता येतो. झेल घेताना खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकवून उंच झेपावतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला कवेत घेऊन जमिनीवर पाडणे नियमाला धरूनच असते. त्यामुळे धडका होणारच.

१९व्या शतकात मेलबर्नमध्ये हा खेळ आकाराला आला. महिलांची राष्ट्रीय व्यावसायिक लीग मात्र सुरू व्हायला २०१७ साल उजाडले. ३ फेब्रुवारीला मेलबर्नमध्ये पहिला सामना झाला, तेव्हा २४ हजारांवर प्रेक्षक आत होते आणि दरवाजे बंद झाल्याने अनेकांना परत जावे लागले.

हेदर अँडरसन

हेदर कॅनबेराची. पाचव्या वर्षापासून ती रग्बी लीग खेळायची, पुढे ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे वळली. लष्करात ती वैद्यकीय मदतनीस होती. पहिल्याच हंगामासाठी ॲडलेड क्रोज संघाने तिची निवड केली. मैदानावर ती झळझळीत गुलाबी हेल्मेट घालायची. तिच्या आईची दृष्टी अधू होती. गर्दीत आपली लेक कुठे आहे ते आईला दिसावे, हे त्यामागचे कारण.

त्या हंगामात ती आठ सामने खेळली. आठवा सामना अंतिम होता. ॲडलेडने ब्रिस्बेनला ३५-२९ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पण त्याच सामन्यात हेदरचा खांदा दुखावला आणि तिची व्यावसायिक कारकीर्द तिथेच थांबली. ती लष्करी सेवेत परतली. नोव्हेंबर २०२२मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी तिचे निधन झाले.

कुटुंबीयांनी तिचा मेंदू संशोधनासाठी सिडनीच्या ‘ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँक’ या संस्थेला दान केला. जुलै २०२३मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच सीटीई. हे निदान झालेली ती जगातली पहिली व्यावसायिक महिला खेळाडू.

हा आजार नवा नाही

१९२८ साली अमेरिकेतले डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणारी लक्षणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली: अडखळती चाल, मंदावलेले बोलणे, ढासळणारी बुद्धी. पुढे २००२ साली अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर यांच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना सीटीईच्या खुणा सापडल्या आणि हा प्रश्न मुष्टियुद्धाच्या पलीकडे गेला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले पहिले निदान २०२० साली जाहीर झाले, ८४व्या वर्षी निधन पावलेल्या पॉली फार्मर या दिग्गजाचे.

हे सारे पुरुष. पण १९९०मध्येच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका स्त्रीची नोंद आली होती. तिच्या मेंदूतले बदल मुष्टियोद्ध्यांसारखे होते. ती खेळाडू नव्हती. तिने वर्षानुवर्षे मारहाण सोसली होती.

मेंदूत नेमके काय होते?

स्टीलच्या डब्यात घट्ट दही लावा आणि डबा जोरात हलवा. डब्याला पोचाही पडत नाही, पण दही मोडते. कवटी आणि मेंदूचे तसेच आहे. म्हणूनच हेल्मेट कवटीचे हाड वाचवते, पण आतला हादरा पूर्णपणे थांबवू शकत नाही. दुचाकीवर हेल्मेट हवेच. मैदानावर मात्र ‘हेल्मेट आहे, आता कितीही धडका घ्या’ असे समजू नका.

असे हादरे वर्षानुवर्षे बसत राहिले, तर काही जणांच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचू लागते. प्रत्येक हादऱ्यात शुद्ध हरपते असे नाही. लक्षणे न दाखवणाऱ्या लहान धडकाही हिशेबात धरल्या जातात. आणि सीटीईचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हेदरच्या मेंदूतला आजार सुरुवातीच्या टप्प्यातला होता. तिच्या मृत्यूचे खापर त्यावर फोडता येणार नाही. तसेच, एकदा डोके आपटले म्हणून कुणाला सीटीई होईल असे मुळीच नाही.

मुलींकडे जास्त लक्ष का?

सारखेच नियम असलेल्या खेळांत मुलींना कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते. मानेच्या स्नायूंची कमी ताकद हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

तुम्ही काय करावे?

• डोक्याला मार लागल्यावर चक्कर, डोकेदुखी, गोंधळ किंवा विसरभोळेपणा जाणवला, तर त्या दिवशी खेळ बंद. ‘थोडे पाणी पी आणि उतर मैदानात’ हे चालणार नाही.

• वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, झटके, हातापायात कमजोरी, कानानाकातून रक्त किंवा पाणी: यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.

• स्कॅन नॉर्मल असला तरी पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, मोबाइल कमी करा, मग हळूहळू रोजची कामे सुरू करा.

• परत खेळायची घाई नको. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार १९ वर्षांखालील खेळाडूंनी स्पर्धेत उतरण्यापूर्वी दुखापतीपासून किमान २१ दिवस थांबावे, आणि धडकांचा सराव करण्याआधी सलग १४ दिवस लक्षणमुक्त असावे.

• घरात मारहाण होत असेल, तर ‘पडले’ असे सांगू नका. डोक्याला किती वेळा मार लागला हे कळले, तरच डॉक्टरांना नीट मदत करता येते.

मुलींना जरूर खेळू द्या. खेळाचे फायदे मोठे आहेत आणि इथवर पोचायला त्यांना फार वाट पाहावी लागली आहे. फक्त सामना संपल्यावर ‘जिंकलीस का?’ याच्या बरोबरीने ‘डोक्याला कुठे लागले का?’ हेही विचारा.