अ‍ॅडेनॉइड

नाकाची पोकळी मागे जिथे घशाला मिळते, त्या जागेच्या छतावर आणि मागच्या भिंतीवर असलेला लसीकाभ ऊतकाचा उंचवटा. शास्त्रीय नाव नासाग्रसनी गिलायू. घशाच्या दोन बाजूंचे टॉन्सिल आरशात दिसतात. अ‍ॅडेनॉइड मात्र मऊ टाळूच्या वर, पडजिभेच्या आड असल्याने कितीही मोठा ‘आ’ केला तरी दिसत नाही. ‘नाकामागे मांस वाढलंय’ असे घरोघरी म्हटले जाते ते याच्याविषयी.

श्वासातून आलेल्या जंतूंशी शरीराची गाठ घालून देणाऱ्या ऊतकांच्या कड्याचा हा वरचा भाग होय. या कड्याला जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांचे नाव आहे. अ‍ॅडेनॉइड जन्मतःच असतो, सहा-सात वर्षांपर्यंत वाढतो आणि पौगंडावस्थेत आक्रसू लागतो. तेव्हा लहानपणी तो मोठा असणे हा आजार नव्हे. वारंवारच्या सर्दीने किंवा अ‍ॅलर्जीने तो सुजून राहिला आणि मुलाची मुळातच अरुंद असलेली श्वासाची वाट अडली, की त्रास सुरू होतो.

मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते. काहींचा श्वास झोपेत काही क्षण थांबतो आणि मग मूल धडपडत, दचकत पुन्हा श्वास घेते. अशी झोप रात्रभर मोडत राहिली तर काही मुले अंथरूण ओले करतात, काहींची वाढ मंदावते. मोठी माणसे झोपेअभावी पेंगतात. मुले बहुधा चिडचिडी आणि चंचल होतात, म्हणून कारण झोपेत शोधायचे कुणाला सुचत नाही. बोलणे चोंदलेले येते: ‘म’ चा ‘ब’ होतो, ‘न’ चा ‘द’, आणि मामाला मारलेली हाक ‘बाबा’ अशी ऐकू येते.

कानाचे नुकसान याहून गुपचूप होते. मध्यकर्णात हवा खेळवणारी नळी अ‍ॅडेनॉइडच्या अगदी शेजारी उघडते. ती नीट चालेनाशी झाली की पडद्यामागे चिकट द्रव साचतो. बहुधा दुखत नाही, कान वाहत नाही. फक्त ऐकू कमी येते. टीव्हीचा आवाज वाढवणारे, हाकेला ओ न देणारे हे मूल घरी हट्टी आणि वर्गात दुर्लक्ष करणारे ठरते. न ऐकू आलेल्या शब्दांसाठी त्याने बोलणी खावीत हे फार वाईट आहे. शिक्षकांनी अशी तक्रार केली तर आधी कान तपासून घ्यावेत.

दीर्घकाळ तोंडाने श्वास घेणाऱ्या काही मुलांचा चेहरा लांबट दिसतो, टाळू उंच कमानीसारखा होतो, दातांची दाटी होते. जुन्या वैद्यकीय लेखनात या चेहऱ्याचे वर्णन ‘मठ्ठ’ असे केले जाई. ते अन्यायाचे होते; बुद्धी शाबूत असते, कमी पडते ती झोप आणि श्रवण.

१८६८ मध्ये कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी टाळूमागे बोट घालून ही वाढ चाचपली, ती नाक चोंदण्याशी आणि बहिरेपणाशी जोडून दाखवली आणि ती काढण्याची पद्धत सांगितली. आता कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून निदान करतात. कानाच्या पडद्याची हालचालही मोजतात.

सौम्य त्रासात वाट पाहणे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिल्यास नाकातील स्टेरॉइड फवारा, एवढ्यावर भागते. झोपेत श्वास थांबत असेल किंवा कानातला द्रव महिनोन्‌महिने हटत नसेल, तर पूर्ण भूल देऊन तोंडावाटे अ‍ॅडेनॉइड काढतात. बाहेर व्रण राहत नाही. गरजेनुसार कानाच्या पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळीही बसवतात. ‘काढल्यावर प्रतिकारशक्ती जाईल का?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. तेच काम करणारे ऊतक शरीरात इतरत्र भरपूर असल्याने ती जात नाही. मात्र केवळ आकार मोठा दिसला म्हणून शस्त्रक्रिया करू नये. टाळूत जन्मजात फट असेल, अगदी श्लेष्मल आवरणाखाली लपलेली असली तरी, अधिक जपावे लागते, कारण अ‍ॅडेनॉइड गेल्यावर टाळू मागे टेकेनासा होऊन बोलताना हवा नाकातून निसटू शकते. फार लहान वयात काढलेला अ‍ॅडेनॉइड कधीकधी पुन्हा वाढतो.