बाणाचे अग्र आणि धनुष्याचे बळ

नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्रमांक ३ च्या लेण्यात, पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षीच्या लेखात, गौतमीपुत्र सातकर्णीस अद्वितीय धनुर्धर म्हणून गौरविले आहे. सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या नाण्यांवरही बाण व वज्र ही चिन्हे आहेत. यावरून धनुष्याची प्रतिष्ठा दिसते. त्याचे बळ कळत नाही. लाकूड व बांबू नष्ट होतात. लोखंडी अग्र तेवढे उरते. त्यावरून धनुष्याविषयी कितपत अनुमान करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

केवळ नावांवर विसंबणे धोक्याचे आहे. संस्कृतातील ‘भल्ल’ हा बाणाचा एक प्रकार. त्याच शब्दापासून आलेला मराठी ‘भाला’ हे निराळेच शस्त्र होय. कौटिल्याने मात्र लोह, अस्थी व काष्ठ यांची अग्रे सांगताना छेदन, भेदन व ताडन ही कार्ये वेगळी केली आहेत. त्याने प्रत्यंचेच्या द्रव्यांत वेणूही गणला आहे. भिल्लांच्या कमठ्याची दोरी बांबूच्या चिवट कामटीची असे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

धनुष्य बाणाला देते ती शक्ती मर्यादित असते. अग्र जितके रुंद आणि पाती जितकी अधिक, तितकी ती कातडे व स्नायू कापण्यातच खर्च होते. बळकट धनुष्यास हा व्यय परवडतो व जखम मोठी होते. हलक्या धनुष्याने हरणावर तसाच बाण सोडल्यास तो फासळ्यांपाशी अडतो आणि जनावर जखमी होऊन निसटते. अशा धनुष्यास अरुंद, लांबट, दुधारी व तीक्ष्ण अग्रच उचित. विसाव्या शतकातील अमेरिकन धनुर्धर हॉवर्ड हिल यानेही रुंदीच्या तिप्पट लांबीचे दुधारी पाते पुरस्कारिले होते.

तथापि याचा व्यत्यास खरा मानता येत नाही. अरुंद अग्र चिलखत भेदण्यासाठी बळकट धनुष्यावरही योजले जाई. म्हणून आकाराबरोबरच अग्राचे वजन आणि काडी बसविण्याच्या नळीचा व्यास यांची नोंद आवश्यक ठरते. कारण काडीचा ताठपणा धनुष्याच्या बळास साजेसा असावा लागतो व तो तिच्या जाडीवर बराच अवलंबून असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही विद्या शिकारीतून पाहणे शक्य राहिलेले नाही. तेव्हा जुने कमठे, तीर आणि त्यांच्या भागांची बोलीतील नावे ही एकत्रच नोंदविली पाहिजेत. एकावाचून दुसऱ्याचा अर्थ लागणार नाही.