पाळण्यातले पाय आणि गहाण पडलेलं घर

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असं आपण सहज म्हणून जातो. पण ही म्हण आपल्याला आठवते केव्हा? पोरगं नाव काढतं तेव्हा. आधी यश दिसतं, मग आपण पाळण्याकडे वळून बघतो.

खाशाबा जाधवांचंच बघा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, पैलवानाच्या घरातला मुलगा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहिली आणि वार्षिक स्पर्धेत घ्यायलाच नकार दिला. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली, तेव्हा कुठे ते उतरले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मातीतला हा मल्ल गादीवर सहावा आला. तरीही १९५२ च्या निवडीत नाव वगळलं गेलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि ते जिंकले. प्रवासाला पैसे नव्हते. खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ उजाडलं.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. त्यातली एक साधी गोष्ट इथे लागू पडते. ‘हा चालणार नाही’ हे भाकीत खोटं ठरायचं तर त्या मुलाला मैदानात उतरवावं लागतं. उतरवलंच नाही, तर भाकीत कायमचं खरं! निवडणाऱ्याला आपली चूक कधी दिसतच नाही. खाशाबांच्या बाबतीत ती दिसली, कारण फेरलढत झाली.

आपल्या विदर्भातला उमेश यादव घ्या. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. विशीच्या आसपास पहिल्यांदा लेदर बॉल हाती आला, आणि २०११ साली तो भारताकडून कसोटी खेळला. बाराव्या वर्षीच यादी बंद करणाऱ्यांच्या यादीत तो आला असता का?

आम्हीही कधीकाळी कॉलेजच्या कबड्डी संघाच्या निवडीला बसायचो. या सेलूकडच्याच एका पोट्ट्याला ‘दम नाही’ म्हणून आम्ही परत पाठवलं. तो पुन्हा आला नाही, आम्हीही बोलावलं नाही. आमचं बरोबर होतं की चूक, ते आता कळायला मार्ग नाही.

उंची मोजा, वेग मोजा, त्याला आमची ना नाही. पण नाकारलेल्यांची यादी फाडू नका. वर्षभरानं त्यांना पुन्हा बोलवा. पदक येणारच, हे खर्डेकरांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी घर गहाण टाकलं. आपल्याला तर फक्त एक फेरचाचणी घ्यायची आहे.