आतबट्ट्याचा व्यवहार

मागच्या रविवारी मनोरीला गेलो होतो. मालाडहून बस पकडून मार्वेला उतरायचं, जेट्टीवरून फेरीत बसायचं, आणि थोड्याच वेळात खाडीच्या पलीकडे. बोंबलाचा वास आला की समजायचं, मुंबई मागे राहिली. माझा कॉलेजमधला एक मित्र तिथल्या गावठाणात राहतो. ईस्ट इंडियन कुटुंब आहे. त्याच्याकडे जेवायला बोलावलं होतं.

पण खरं सांगायचं तर माझं लक्ष जेवणात नव्हतं, मोबाईलमध्ये होतं. ऑफिसमधल्या एकाने नुकतंच एक 'फॉरेक्स ट्रेडिंग'चं ॲप दाखवलं होतं. पन्नास हजार भर, पाचशे पट लिव्हरेज मिळतं, युरो-डॉलरचा बाजार रात्रीसुद्धा चालू असतो, शिफ्ट संपली की दोन तास बसायचं.. वगैरे. बोनस खात्यात पडून होता. नोंदणी झाली होती, फक्त पैसे भरायचे बाकी होते.

मित्राच्या आजोबांनी विचारलं, "काय रे, सारखं काय बघतोस त्यात?" मी जमेल तसं समजावून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मी पण एकदा केला होता हा धंदा. न कळत."

तर गोष्ट अशी. आजोबा तरुणपणी बहारीनला नोकरीला होते. त्या काळी तिथे पगार रुपयांतच व्हायचा! 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, त्यांना 'गल्फ रुपी' म्हणत. भारतीय नोटा देऊन आखातातून सोनं चोरून आणलं जायचं आणि त्या नोटा परत आल्या की आपल्याला परकीय चलन मोजावं लागायचं, त्याला आळा घालायला हा उपाय. 1965 मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार काढला. एक दिनार म्हणजे दहा रुपये. आजोबांचा पगार दिनारमध्ये व्हायला लागला. मग 6 जून 1966 ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. 4 रुपये 76 पैशांचा डॉलर एका फटक्यात साडेसात रुपयांचा झाला आणि दहा रुपयांचा दिनार पावणेसोळाचा.

"गावात सगळे म्हणायला लागले, याला पैशातलं कळतं," आजोबा म्हणाले. "मला काय कळत होतं? साहेबाने नोट बदलली, मी घेतली. सहा महिने आधी घरी आलो असतो तर मीच मूर्ख ठरलो असतो."

फेरीतून परत येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. नफा झाला म्हणजे कळलं, असं नसतं. मग आठवडाभर जुनं-नवं बरंच वाचून काढलं. त्यातलं थोडं इथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे 'फॉरेक्स' आपल्याला अजिबात नवीन नाही. मनोरीचंच बघा ना. हा साष्टी-वसईचा पट्टा 1534 पासून दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होता. 1737 ते 39 च्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. 1774 च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हातात गेली. राज्य बदललं की नाणं बदलणार. आणि एका राज्यात तरी एकच नाणं कुठे होतं? पेशवाईच्या मुलखात अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी असे कितीतरी रुपये एकाच वेळी फिरत. प्रत्येकाचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. म्हणून नाणं पारखायला पोतदार आणि बदलून द्यायला सराफ. पोतदार, सराफ, पारख ही आडनावं आपल्या सोसायटीतल्या पाट्यांवर आजही दिसतात, ती या धंद्यातून आलेली.

नाणं बदलून देताना सराफ जी रक्कम कापून घ्यायचा तिला म्हणायचे बट्टा. नावाला बट्टा लागतो तो हाच. आणि 'आतबट्ट्याचा व्यवहार' हा शब्दप्रयोगही त्याच बाजारातला. व्यवहार झाला, पण खिशातून काहीतरी कमीच झालं. चारशे वर्षं आपली भाषा हे ओरडून सांगतेय आणि आपण ॲपवर 'झिरो कमिशन' वाचून खूश होतो!

आज त्या बट्ट्याला स्प्रेड म्हणतात, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरातला फरक. मी स्वतः तो मोजलाय. ऑनसाइटला जाताना विमानतळावरच्या एका काउंटरवर 87 रुपयांनी डॉलर घेतले. परत आल्यावर उरलेले दोनशे डॉलर विकायला गेलो तर दर 82. बाजारभाव जवळपास होता तिथेच होता. तरी माझे हजार रुपये गेले. कुठे गेले? काउंटरच्या पलीकडे.

या बाबतीत सर्वात शहाणं उत्तर मला सापडलं ते 1674 मधलं. शिवराज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता. मुंबईत इंग्रजांची टांकसाळ नुकतीच सुरू झाली होती, म्हणून तहाच्या मसुद्यात एक कलम होतं की आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं. महाराजांच्या उत्तराचा आशय असा, की कोणतंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल ते घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसदार आणि वजनाला पुरं असेल, तर खुशाल चालू दे. मला हे भलतंच आवडलं. नाण्यावर छाप कोणाचा आहे ते नाही, आत चांदी किती आणि तोटा कोणाच्या माथी, एवढंच बघायचं.

पुढे 1835 मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया केला आणि सराफांचा हा धंदा बराच आटला. पण संपला नाही. मराठवाड्यात निजामाचा हाली रुपया 1948 नंतरही काही वर्षं चालू होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशोब तिथल्या आजी-आजोबांना तोंडपाठ असायचा.

मग प्रश्न येतो, दर हलला की फायदा नक्की कोणाचा? यावर एका मराठी माणसाने लंडनला प्रबंध लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 मध्ये प्रसिद्ध झालं. रुपया पडला की व्यापाराला बरकत येते असं तेव्हाही म्हटलं जायचं. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की तो फायदा आकाशातून पडत नाही. भाव वाढतात, मजुरी तेवढी वाढत नाही, म्हणजे तो मजुराच्या खिशातून व्यापाऱ्याच्या खिशात जातो. ट्रेडिंगमध्ये तर हे आणखी उघड आहे. मी कमावले म्हणजे पलीकडे कोणीतरी गमावले. आणि मधला बट्टा दोघांनीही दिला.

हा खेळ देशांनाही परवडत नाही. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं आपल्या सहार विमानतळावरून परदेशी गेलं. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून साधारण 40 कोटी डॉलरचं कर्ज उभं करायला ते तारण ठेवलं होतं. त्याच महिन्याच्या 1 आणि 3 तारखेला रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, 21 रुपयांच्या आसपासचा डॉलर 26 च्या जवळ गेला. तेव्हा अंधेरीत पहाटे दूध आणायला निघालेल्या कोणाला कल्पना तरी असेल का, की डोक्यावरून काय चाललंय?

आता आपल्यासारख्या नवशिक्यांचं काय? 29 ऑगस्ट 2008 ला राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये अंधेरीच्या एमसीएक्स-एसएक्सनेही ते आणले. एक लॉट हजार डॉलरचा. दर दहा पैशांनी हलला की शंभर रुपये इकडे किंवा तिकडे. बरेच हौशी लोक यात उतरले. पण 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की रुपयाशी जोडलेले हे व्यवहार खऱ्या जोखमीला विमा म्हणून आहेत. म्हणजे तुम्हाला डॉलर खरोखर द्यायचे किंवा यायचे असले पाहिजेत. ठरावीक मर्यादेपर्यंत कागद मागितला नाही तरी जोखीम मात्र खरी हवी.

आणि ती परदेशी ॲप्स? सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवानगी नसलेल्या मंचांची पहिली यादी काढली, तेव्हा त्यात 34 नावं होती. पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही, हे बँकेनेच सांगितलंय. अशा ठिकाणी पैसे पाठवले तर फेमा कायद्याखाली कारवाई आपल्यावरही होऊ शकते.

कायदा बाजूला ठेवा, नुसतं गणित करा. पाचशे पट लिव्हरेज म्हणजे पन्नास हजारांवर अडीच कोटींचा सौदा. दर 0.2 टक्के उलटा गेला की पन्नास हजार साफ. युरो-डॉलर तेवढा चहा पिऊन येईपर्यंत हलू शकतो. बट्टा तर आधीच कापलेला.

मग सावधपणे सुरुवात करायची तर कुठून? मला सुचलेलं सांगतो. आधी स्वतःला विचारा की आपल्याला परकीय चलन खरंच लागणार आहे का. बहिणीची फी, प्रवास, काहीही. लागणार असेल तर तीच तुमची खरी जोखीम, तिथून शिका. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा 'एफएक्स-रिटेल' मंच 2019 पासून आहे, तिथला दर आणि बँकेच्या काउंटरवरचा दर महिनाभर वहीत लिहून काढा. बट्टा डोळ्यांना दिसायला लागतो. गरज नसेल तर वही फुकट, ॲप महाग.

मी बोनस भरला नाही. ॲप काढून टाकलं. परवा ऑफिसमधला तो भेटला, स्क्रीनवर अकरा हजारांचा नफा दाखवत होता. म्हटलं, छान. खात्यात काढून घेतलेस का?

म्हणाला, अजून नाही.