सांधेरोपणानंतरची शुश्रूषा : रुग्णालयाकडून घराकडे
एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सांधेरोपणाचा इतिहास बहुधा शल्यविशारद आणि कृत्रिम सांधा यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. रोपण केलेला गुडघा वाकू लागणे, रुग्णाने आधाराविना शौचास जाणे, जिना चढणे या गोष्टींना मात्र आठवडे आणि महिने लागतात. हे काम कोणी, कोठे आणि कोणाच्या खर्चाने करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीड शतकात अनेकदा बदलले. त्या बदलाचा मागोवा घेणे आणि आज घराकडे आलेल्या या कामाची दखल का घ्यावी हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विश्रांती की हालचाल?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुखऱ्या सांध्याला पूर्ण विश्रांती देणे हा उपचाराचा मुख्य मार्ग मानला जाई. लिव्हरपूल येथील ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हे या मताचे खंबीर पुरस्कर्ते होते. दीर्घकाळ आणि अखंड विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी तयार केलेली आधारपट्टी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. उलट पॅरिसचे ल्यूका-शाँपिओनिएर यांनी अस्थिभंगातही मर्दन आणि लवकर हालचाल हितावह असल्याचे प्रतिपादन केले. १८९५ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा वाद पुढे अनेक दशके चालू राहिला. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज वैद्याने अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके दाखवून देणारा लेख लिहिला आणि विश्रांतीच्या मताला वैद्यकीय वर्तुळातच उघड आव्हान दिले.

याच काळात हालचाल करवून घेणारा स्वतंत्र व्यवसायही आकारास आला. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेमुळे या कामाचे महत्त्व वाढले आणि १९२० साली संस्थेस राजसनद मिळाली. भारतात भौतिकोपचाराच्या म्हणजेच फिजिओथेरपीच्या शिक्षणाची पायाभरणी १९५० च्या दशकात मुंबईत झाली. त्यामागे पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाची निकड होती. के. ई. एम. रुग्णालयातील शिक्षणकेंद्र आणि १९५५ साली हाजी अली येथे स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही या पायाभरणीची ठळक उदाहरणे होत.

कृत्रिम सांधा आणि रुग्णालयातील मुक्काम

बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती गुडघा बसविण्याचा प्रयत्न केला. परंतु जंतुसंसर्गामुळे तो टिकला नाही. खुब्याच्या सांध्याचे टिकाऊ रोपण जॉन चार्नले यांनी इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात साधले. त्यांनी प्रथम वापरलेले टेफ्लॉन लवकर झिजले. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरण्यास आरंभ केला. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये आधुनिक गुडघेरोपणाचा पाया घालणारी रचना सिद्ध झाली. त्या चमूत इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर त्यांनीच शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गुडघ्यावरील शस्त्रक्रिया जून २००१ मध्ये झाली. त्या निमित्ताने गुडघेरोपण हा शब्द सामान्य वाचकापर्यंत पोहोचला.

पुढे सांधा आपोआप वाकविणारे यंत्र आले. टोराँटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या अखंड हालचालीच्या कल्पनेवर ते आधारलेले होते. मात्र २०१४ च्या कॉक्रन समीक्षेत गुडघेरोपणानंतर या यंत्राचा रुग्णाला जाणवेल असा लाभ आढळला नाही. रुग्णाने स्वतः केलेल्या व्यायामाची जागा यंत्राला घेता आली नाही, असेच यातून दिसते. दरम्यान डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेची जी जलद पद्धती मांडली, तिचा प्रसार सांधेरोपणातही झाला. परिणामी रुग्णालयातील मुक्काम आठवड्यांवरून काही दिवसांवर आला आणि उरलेले काम घराकडे गेले.

घर हेच उपचारस्थान

या स्थित्यंतराचे समर्थन करणारा एक पुरावा सिडनीतील दोन सार्वजनिक रुग्णालयांत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळतो. तीत १६५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला दहा दिवस पुनर्वसन रुग्णालयात ठेवून मग घरचा कार्यक्रम देण्यात आला. दुसऱ्याला केवळ घरचा कार्यक्रम मिळाला. २६ आठवड्यांनी सहा मिनिटांत चालून जाण्याच्या अंतरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु हा निष्कर्ष वाचताना एक बाब नजरेआड होऊ नये. तेथील घरचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील होता. छापील कागद हाती देऊन रुग्णाला घरी पाठविणे म्हणजे तो कार्यक्रम नव्हे.

व्यायाम दिसायला साधेच असतात: घोटा वर-खाली हलविणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, अंथरुणावर टाच सरकवीत गुडघा वाकविणे, पाय सरळ ठेवून उचलणे. अडचण त्यांतील सातत्याची असते. सूज आणि वेदना वाढली की रुग्ण व्यायाम सोडतो. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, पण त्याच सवयीने गुडघा पूर्ण सरळ होत नाही. पोटरीची सूज किंवा जखमेतून येणारा स्राव वेळीच ओळखण्यास जाणती नजर लागते. शिवाय पाट, पंगत आणि भारतीय बैठकीचे शौचकूप यांना धरून रचलेल्या घरात कमोडची खुर्ची, उंच पलंग आणि न्हाणीघरात धरावयास दांडा यांची सोय करावी लागते. ही सोय आणि दिवसातून अनेकदा व्यायाम करवून घेणे हे काम सामान्यतः पत्नी, सून किंवा मुलगी यांच्याकडे येते. रुग्णालयाच्या देयकात त्याची नोंद नसते.

समारोप

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरविल्या. नेहमीच्या वापरातील कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती कर वगळून ५४,७२० रुपये होती. सांध्याची किंमत अशी निश्चित झाली. घरी येणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाचे शुल्क मात्र त्या आदेशाच्या कक्षेबाहेरच राहिले. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने या व्यवसायास वैधानिक चौकट मिळाली, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि घरातील देखरेख ही शस्त्रक्रियेचाच भाग मानली जात नाही तोवर रुग्णालयातील मुक्काम कमी होण्याचा लाभ व्यवस्थेला आणि भार कुटुंबाला, अशीच विभागणी राहील. ज्या घरी तज्ज्ञ बोलावणे परवडत नाही, तेथे महागडा सांधाही ताठर राहू शकतो. म्हणून सांधेरोपणाच्या इतिहासात शस्त्रक्रियागृहाइतकेच स्थान रुग्णाच्या घरालाही द्यावयास हवे.