नक्की काय मोजलंय?

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, “टर्शरी-ब्युटिल अमीन हे कुठल्या प्रकारचं अमीन?” मी बिनधास्त म्हणालो, “तृतीयक.” चूक! ते प्राथमिक अमीन आहे. तुमचंही असं होऊ नये म्हणून हा थोडा इतिहास.

नियम तुम्हाला पाठ असेलच: एका कार्बनला जोडलेला कार्बन प्राथमिक, दोघांना जोडलेला द्वितीयक, तिघांना तृतीयक, चौघांना चतुर्थक. पण ही नावं आली कुठून?

१८५० च्या सुमारास लंडनमध्ये हॉफमन अमीनवर काम करत होता. त्याने सगळं अमोनियापासून मोजलं: नायट्रोजनवरच्या तीन हायड्रोजनपैकी किती बदलले? एक बदलला तर प्राथमिक, दोन तर द्वितीयक, तिन्ही तर तृतीयक.

१८६० मध्ये मारबुर्गच्या कोल्बेने मिथाइल अल्कोहोलपासून मोजायला सुरुवात केली. त्याच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन काढून मिथाइल गट बसवला की आपलं नेहमीचं इथाइल अल्कोहोल. मग दोन बदलले तर? तिन्ही बदलले तर? अशी अल्कोहोलं तेव्हा कोणी ओळखलेली नव्हती. पण ती असणार, असं कोल्बेने सांगून टाकलं. १८६२ मध्ये फ्रीडेलने अॅसिटोनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल बनवलं. ते द्वितीयक निघालं. पुढे १८६४ च्या सुमारास कझानमध्ये बुटलेरोवने टर्शरी-ब्युटिल अल्कोहोल बनवलं. म्हणजे आधी वर्गीकरण आलं, पदार्थांची ओळख नंतर!

गंमत बघा, रेणूतली अणूंची मांडणी आपल्याला कळू शकते, हेच कोल्बेला मान्य नव्हतं. बुटलेरोव मात्र त्याच विचाराचा खंदा पुरस्कर्ता. तरी भाकीत एकाचं आणि पुरावा दुसऱ्याचा.

आता माझ्या चुकीकडे वळू. टर्शरी-ब्युटिल अमीनमध्ये नायट्रोजन ज्या कार्बनला चिकटलाय, तो तिघा कार्बनना जोडलेला, म्हणून तृतीयक. पण अमीनचा प्रकार ठरवताना हॉफमनच्या पद्धतीने नायट्रोजनकडे बघायचं. तिथे एकच हायड्रोजन बदललाय, म्हणून अमीन प्राथमिक. टर्शरी-ब्युटिल अल्कोहोल मात्र तृतीयकच, कारण तिथे मोजणी कार्बनवर.

संशोधनात कुठलंही वर्गीकरण समोर आलं की लेबल पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारा: यात नक्की काय मोजलंय? आणि यातून अजून न सापडलेलं काही सांगता येतं का?