दिनविशेष : १० जून – गिरणगावाला रविवार मिळाला

१८९० साली आजच्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालक संघाने कामगारांना दर रविवारी सुट्टी देण्याचे मान्य केले. तोवर दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही लांब. पगार मात्र तेवढाच, तोही रखडलेला.

या सुट्टीसाठी झालेल्या लढ्याचे नेते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक. गिरणीत नोकरी केल्यामुळे तिथले हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातल्या मागण्या. त्याच वर्षी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली. तिला ना वर्गणी होती ना लिखित नियम, तरीही १८९०च्या एप्रिलमध्ये तिच्या सभेला दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. त्या काळात हे धाडस केवढे मोठे! त्यांची भाषणे आज प्रत्येक शाळेत ठाऊक असायला हवी होती.

पुढच्या वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वारले.